बटण दाबलं, पण येणार कोण?

वाचकाचं पत्र (थोडक्यात): माझं माहेर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. वडील गेल्यापासून आई घरी एकटीच असते. वय 76. मी पुण्यात नोकरीला, भाऊ अमेरिकेत. जुलैत ती न्हाणीत घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. मोबाइल देवघराच्या फळीवर. शेजारच्या वहिनी दूध द्यायला मागच्या दारानं आत आल्या तोवर 3 तास ती ओल्या फरशीवर पडून होती. भाऊ म्हणतो, अमेरिकेत मिळतं तसं गळ्यात घालायचं इमर्जन्सी बटण पाठवतो, माणूस पडलं की त्याच्यावरून आपोआप कॉल जातो. नाहीतर आईला सरळ पुण्याला ने. आई म्हणते, "गळ्यात घंटा बांधायला मी काय गाय आहे?" आणखी काही बोलायला गेलं की "मागीर पळोवया" (मग बघू) म्हणून उठून जाते. बाजारात दोन हजारांपासून पंधरा हजारांपर्यंतची यंत्रं दिसतात, महिन्याचे पैसे घेऊन लक्ष ठेवणाऱ्या कंपन्याही आहेत. सर्वांत भरवशाचं कोणतं?

उत्तर:

ताई, यंत्राकडे येतेच, पण आधी जुलैतला तो दिवस पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणा. समजा, आईच्या गळ्यात बटण होतं आणि तिनं ते दाबलं. फोन कोणाला गेला असता? तुम्हाला, पुण्याला. तुम्ही घाबरून 108 लावला असता, तर तो महाराष्ट्राच्या केंद्रात लागला असता, कारण 108 हा क्रमांक तुम्ही ज्या राज्यात उभ्या आहात तिथं वाजतो. अमेरिकेतून तर तो लागतच नाही. म्हणजे शेवटी तुम्ही फोन केला असता तो वहिनींनाच, आणि त्यांनीच गोव्यातून 108 बोलावली असती. त्या दिवशी वहिनी नेमक्या वाळपईच्या बाजारात गेलेल्या असत्या तर?

पत्रात यंत्रांच्या किमती आल्या आहेत, पण आईच्या घरापासून पाच मिनिटांच्या अंतरावर कोण कोण राहतं, ते कुठंच आलेलं नाही. माझ्या मते खरेदीची सुरुवात तिथून करायची. बटण फक्त निरोप पोचवतं. उचलायला माणूसच यावा लागतो.

तेव्हा पहिलं काम कागद-पेन घेऊन करायचं. चालत पाच-सात मिनिटांत घरी पोचू शकतील अशा तीन-चार जणांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढं तो दिवसा घरी असतो की रात्री तेही लिहा. आपल्या गावांची गोम इथंच आहे. वाड्यावर घरं भरपूर, पण सकाळी नऊनंतर तरणी माणसं होंड्याच्या नाहीतर पिसुर्ल्याच्या औद्योगिक वसाहतीत, नाहीतर पणजीला ऑफिसात. मागे राहतात ती तुमच्या आईच्याच वयाची. हाक ऐकून ती धावत येतीलही, पण ओल्या न्हाणीतून एका माणसाला उचलणं त्यांच्यानं होणार नाही, उलट दोघंही पडतील. म्हणून दिवसाची यादी वेगळी आणि रात्रीची वेगळी. दिवसाच्या यादीत अंगणवाडीतल्या बाई, कोपऱ्यावरचा दुकानदार, कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, कामाला येणारा गडी अशी माणसं सापडतात. नाती आठवताना ती सुचत नाहीत, आणि बहुधा तीच सर्वांत लवकर पोचतात.

या माणसांना समोर बसून विचारा. न विचारता कोणाचाही नंबर यंत्रात घालू नका. "काका, आईच्या नंबरावरून फोन आला तर तो उचलायचा, आणि ती काही बोलली नाही तरी घरी जाऊन बघायचं, एवढं कराल का?" एवढं स्पष्ट विचारलं की माणसं सहसा नाही म्हणत नाहीत, आणि ज्याला खरंच जमणार नसेल तो तेव्हाच सांगतो. रात्री फोन सायलेंट करून झोपणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये तो नंबर असा नोंदवून द्या की सायलेंटवरही रिंग वाजेल. बहुतेक स्मार्टफोनमध्ये अशी सोय असते. घरातल्या एखाद्या पोराला सांगितलंत तर ते दोन मिनिटांत करून देईल.

मग दार. जुलैत मागचं दार उघडं होतं म्हणून वहिनी आत येऊ शकल्या. रात्री तुमची आई काय करते? जुनं घर असेल तर आतून आडणा घालत असेल, वर-खाली कड्या लावत असेल. एकट्या बाईनं तसं करणं योग्यच आहे, पण मग रात्री दोन वाजता बटण वाजलं तर बाहेर जमलेली माणसं कोयता घेऊन दार फोडत बसतील. मागच्या दाराला आतून-बाहेरून किल्लीनं उघडणारं कुलूप बसवून घ्या, रात्री त्या एका दाराचा आडणा काढून ठेवायला आईला राजी करा, आणि किल्ल्या दोन वेगळ्या घरी ठेवा. न्हाणीच्या दाराची आतली कडी तर काढूनच टाका. लाज वाटत असेल तर पडदा लावता येतो. हे सगळं गावच्या सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि माझ्या लेखी पंधरा हजारांच्या पेंडंटपेक्षा जास्त मोलाचं.

रुग्णवाहिकेला वाट सांगणं हेही त्यातच आलं. आपल्याकडे घर नंबर असतो तो पंचायतीच्या वहीत. वाटेवर विचारलं तर माणसं देऊळ, वड आणि कोणाचं तरी जुनं दुकान सांगतात. मुख्य रस्त्यापासून घरापर्यंतची वाट चार सोप्या वाक्यांत लिहून त्या यादीतल्या प्रत्येकाला द्या, आणि रस्त्यावर येऊन उभं कोणी राहायचं तेही ठरवून टाका. वाळपईहून पुढं गोमेकॉला, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात पाठवायची वेळ आली, तर तो पल्ला तासाभराचा आहे. निदान सुरुवातीची वीस मिनिटं घर शोधण्यात जाऊ नयेत.

आता यंत्रं. भावाला सांगा, अमेरिकेतून काही पाठवू नकोस. तिकडची बहुतेक बटणं तिथल्याच मोबाइल जाळ्याला आणि तिथल्याच कॉल सेंटरला बांधलेली असतात. दर महिन्याला पैसे भरून घेतात ते तिथल्या पत्त्यावर मदत पाठवण्यासाठी. सत्तरी तालुक्यात तो गळ्यातला नुसता दागिना होईल.

इथं मिळणाऱ्या गोष्टींत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित म्हणजे बिनतारी दारघंटी. बटण आईकडे, घंटी वहिनींच्या घरात. सिम नाही, रिचार्ज नाही, नेटवर्कचा प्रश्नच नाही, आणि किंमत हजार रुपयांच्या आत. खोक्यावर शंभर-दीडशे मीटर लिहिलेलं असतं ते मोकळ्या मैदानातलं. चिऱ्याच्या जाड भिंती मध्ये आल्या की पल्ला पार कमी होतो, म्हणून विकत घेण्याआधी दुकानदाराशी परतीचं बोलून ठेवा आणि न्हाणीतून दाबून वहिनींकडे वाजते का ते बघा. घंटी शक्यतो सेलवर चालणारी घ्या, कारण पावसाळ्यात वीज जाणं आणि संकट बरोबरच येतात. एकाच घंटीवर दोन बटणं चालणारे संच मिळतात. त्यातलं एक न्हाणीत, भिंतीवर जमिनीपासून फूटभर उंचीवर चिकटवा. लोक ते दिव्याच्या बटणाशेजारी लावतात. पडलेल्या माणसाचा हात तिथवर पोचणार कसा?

शेजारी हाकेच्या अंतरावर असतील तर ही घंटी तुमची पहिली फळी. तिच्या जोडीला सिमवर चालणारं एसओएस पेंडंट. बटण दाबलं की ते ठरवून दिलेल्या नंबरांना एकामागून एक फोन लावतं, आणि त्यातूनच बोलताही येतं. विकत घेताना रंगीत जाहिरात बाजूला ठेवा आणि चार-दोन गोष्टी खोदून विचारा. ते 2जी वर चालतं की 4जी वर? स्वस्तातली बरीच पेंडंटं फक्त 2जीवाली असतात, आणि जिओचं जाळं 4जी-5जीचंच आहे, त्यामुळं तिथं ती मुकी होतात. गावात एअरटेलची की बीएसएनएलची रेंज येते त्यावर सिम ठरवा, दुकानातल्या ऑफरवर नको. एक चार्ज किती दिवस टिकतो? पाण्यात चालतं का? अंघोळीला काढून ठेवावं लागणारं बटण तुमच्या आईच्या काही कामाचं नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, पहिल्या माणसानं फोन उचलला नाही तर ते दुसऱ्याकडे जातं का? काही यंत्रांना व्हॉइसमेलनं किंवा कॉलर ट्यूनच्या सेवेनं उचललेला फोनही "उचलला" वाटतो आणि ती तिथंच थांबतात. हे दुकानात कळत नाही. घरी आणल्यावर पहिल्या माणसाला मुद्दाम फोन न उचलायला सांगून बघायचं.

रेंज तपासायची ती ओसरीवर उभं राहून नव्हे. न्हाणीत, मागच्या पडवीत, गोठ्यात, कुळागराच्या टोकाला, जिथं जिथं आई जाते तिथं जाऊन प्रत्यक्ष फोन लावा. कुळागर दरीसारखं खोल असेल तर तिथं रेंज मिळण्याची आशाच सोडा. त्यापेक्षा एकटीनं पाटाच्या पाण्याजवळ न जाण्याचा करार बरा. घरात फायबर इंटरनेट असेल तर वाय-फाय कॉलिंगनं आतली अडचण सुटू शकते, मात्र राउटरला छोटा यूपीएस हवा. लँडलाइनचंही तसंच. जुन्या तांब्याच्या तारेला वीज एक्स्चेंजकडून यायची, म्हणून घरची लाइट गेली तरी फोन चालायचा. फायबरवरचा लँडलाइन लाइट गेली की बंद.

पडल्याचं आपोआप ओळखणाऱ्या सोयीवर भाऊ फार भिस्त ठेवून दिसतो. ती सोय खरी आहे. जोराचा हिसका, आपटणं आणि मग हालचाल थांबणं, यावरून यंत्र अंदाज बांधतं. पण म्हातारी माणसं अनेकदा अशी पडतच नाहीत. भिंतीला धरून हळूहळू खाली घसरतात, खाटेवरून ओघळतात. ते यंत्राच्या लक्षात येईलच असं नाही. उलट नारळ फोडताना हात आपटला तर खोटी घंटा वाजू शकते. जादा सोय म्हणून असू द्या, तिच्या भरवशावर बटण दाबायची सवय सोडू नका. स्मार्टवॉचचंही हेच, वर रोजच्या चार्जिंगची कटकट. पडद्यावर बोट फिरवायची सवय नसलेल्या बाईला मी ते सुचवणार नाही. पेंडंट असो वा घड्याळ, चार्जिंगला रात्री लावू नका. अंधारात न्हाणीकडे जाताना ते अंगावर हवं. संध्याकाळच्या मालिकेची वेळ चार्जिंगची.

महिन्याचे पैसे घेऊन चोवीस तास लक्ष ठेवणाऱ्या सेवांबद्दल माझं मत थोडं कडू आहे. मोठ्या शहरात, जिथं शेजारच्या फ्लॅटचा पत्ता नसतो, तिथं त्यांचा उपयोग असेल. तुमच्या गावासाठी पैसे भरण्याआधी त्यांना विचारा: बटण दाबल्यावर बोलणाऱ्याला मराठी किंवा कोंकणी येतं का, सत्तरीत तुमचं माणूस प्रत्यक्ष जाणार की तुम्ही शेजाऱ्यांनाच फोन करणार, आणि तुमचं केंद्र गोव्याबाहेर असेल तर गोव्याची 108 बोलावणार कशी. उत्तर "आमची सेवा भारतभर आहे" एवढंच आलं, तर पैसे वाचवा. ज्येष्ठांची 14567 ही हेल्पलाइन चांगली आहे, पण ती माहिती, पेन्शन, छळाच्या तक्रारी अशा कामांसाठी, सकाळी 8 ते रात्री 8. तो नंबर बटणावर टाकू नका.

आईचा साधा बटणांचा फोन असेल तर एक गोष्ट आजच करून बघा. 2017 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलना पॅनिक बटणाची सोय सक्तीची आहे. साध्या फोनमध्ये 5 किंवा 9 चा आकडा दाबून धरायचा, स्मार्टफोनमध्ये पॉवरचं बटण पटापट तीनदा दाबायचं, असा नियम आहे. कॉल 112 या आणीबाणीच्या नंबरला जातो. उगाच चाचणी करू नका, फक्त तिच्या फोनमध्ये ते कोणतं बटण आहे ते हेरून ठेवा. आणि फोन देवघराच्या फळीवरून खाली आणा. कापडाची छोटी पिशवी शिवून कमरेला.

आता "मी काय गाय आहे?" यावर. भाऊ याला हट्ट म्हणत असेल. मला त्यात भीती दिसते, आणि ती बटणाची नाही. त्याच्या एका दमातल्या दोन वाक्यांकडे बघा: बटण घाल, नाहीतर पुण्याला चल. हे ऐकलेली बाई बटण दाबेल का? प्रत्येक वेळी दाबलं की "बघ, पुन्हा पडलीस" याची नोंद होणार, आणि अशा तीन नोंदी झाल्या की घराला कुलूप. ही जुलैची पडझड पहिलीच होती याची तुम्हाला खात्री आहे का? मला नाही. कोपरावरचा जुना काळा-निळा डाग, "ते काय, दाराला लागलं" अशा गोष्टी आठवून बघा.

हे मी नुसत्या अंदाजानं म्हणत नाही. केंब्रिजमध्ये नव्वदी ओलांडलेल्या लोकांवर झालेला एक अभ्यास 2008 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. पडून बराच वेळ जमिनीवर राहिलेल्या बहुतेकांनी मदतीचं बटण उपलब्ध असूनही ते वापरलं नव्हतं. कोणी अंगावर घातलंच नव्हतं, कोणाला आपलं आपण उठायचं होतं, कोणाला दुसऱ्याला त्रास द्यायचा नव्हता. आपल्या आयांच्या बाबतीत ही तिन्ही कारणं एकत्र नांदतात.

म्हणून बोलणी उलट्या टोकानं सुरू करा. भावाला आधी बाजूला घ्या आणि पुण्याची धमकी मागं घ्यायला लावा, तीही फोनवर, आईला ऐकू येईल अशी. मग तिला सांगा, तुला याच घरात राहता यावं म्हणून हे. बटण दाबल्यावर काय होईल ते तिच्याशी ठरवा: आधी वहिनी येऊन बघतील, गरज असेल तरच इस्पितळ, आणि राहण्याचा विषय त्या आठवड्यात कोणी काढायचा नाही. गळ्यात नको तर मनगटावर, नाहीतर मंगळसूत्र काढल्यापासून गळ्यात काही घालायचंच नसेल तर कमरेला. कोणतं, कुठं, पहिला फोन कोणाला, हे तिनं ठरवायचं. पहिला नंबर तिनं तुमचा नाही तर मैत्रिणीचा सांगितला तर वाईट वाटून घेऊ नका. घरात कॅमेरे लावायचा बेत असेल तर तिच्या तोंडून हो आल्याशिवाय एकही नको, आणि झोपायच्या खोलीत व न्हाणीत कधीच नाही. तसंही, कॅमेऱ्यात दिसलेलं बघायला त्या क्षणी कोणी जागं असावं लागतं.

रोजची हजेरी मात्र लावा, पण ती तपासणी वाटू नये. सकाळचा तुमचा फोन ठरल्या वेळी. तो चुकला तर दारावर येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, आहेच. कालचा पाव पिशवीत तसाच लटकलेला दिसला तर वहिनींना हाक मारायची, एवढं त्याला सांगून ठेवा. यालाही चार्जिंग लागत नाही.

पडू नये म्हणून करायची कामं थोडक्यात सांगते. न्हाणीत भिंतीत स्क्रूनं घट्ट बसवलेला धरायचा दांडा, चिकटवायचा रबरी नको. अंगणातलं शेवाळ पावसाळ्यात ब्लीचिंग पावडर टाकून घासून काढायचं. रात्रीचा छोटा दिवा. आणि वाळपईच्या आरोग्य केंद्रात नेऊन आईचं ब्लड प्रेशर झोपलेलं आणि उभं राहिल्यावर असं दोन्ही वेळा मोजून घ्या, सोबत तिच्या सगळ्या गोळ्या दाखवा. उभं राहताच प्रेशर घसरणं आणि झोपेच्या गोळ्या ही पडण्याची नेहमीची कारणं आहेत आणि ती डॉक्टरांना सहज आवरता येतात. मोतीबिंदूही बघून घ्या.

चतुर्थीला सगळे घरी असतील. भाऊ आला तर उत्तमच. गणपती घरात असताना एका दुपारी सगळ्यांदेखत चाचणी करा: आईनं न्हाणीतून बटण दाबायचं, यादीतल्या माणसांनी आपापल्या घरून निघायचं, किल्ली आणायची, दार उघडायचं. वाटेत काय अडतं ते तेव्हाच कळेल. नंतर दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी आईनं नुसतं बटण दाबून बघायचं. रिचार्जचं काम भावाकडे द्या, तिथून तो ऑनलाइन सहज करू शकतो. सिमची मुदत संपली की पेंडंट मुकाट्यानं बंद पडतं आणि कोणाला पत्ता लागत नाही.

आणि यादीतल्या प्रत्येकाच्या कागदावर खाली एवढं लिहा: आल्या आल्या काखेत हात घालून उचलू नका. आधी बोला, कुठं दुखतं विचारा. मांडी किंवा खुबा दुखत असेल, एक पाय आखूड किंवा बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल, तर आहे तशी पडू द्या, अंगावर कोरडं पांघरूण घाला आणि गोव्यातल्या फोनवरून 108 लावा. डोकं आपटलं असेल आणि आई रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर ती "मला काही झालं नाही" म्हणाली तरी इस्पितळात न्यायचंच. गोळीचं नाव कागदावर ठळक अक्षरांत लिहून ठेवा.